लिस्बनमध्ये शोधलेली वसई

बुधवार

वसईच्या किल्ल्यालगत ज्यांचे बालपण गेले, त्यांना छप्पर नसलेल्या चर्चचे अप्रूप नसते. शाळा सुटल्यावर आम्ही मुले किल्ल्यातील सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्याचा अंधारा गोल जिना चढून वर जात असू आणि खाली उतरल्यावर जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळांवरील अक्षरे बोटाने गिरवत असू. ती अक्षरे परक्या भाषेतील आहेत एवढे ठाऊक होते. त्यांचा अर्थ आमच्यापैकी कोणालाही लागत नसे. १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकेपर्यंत, म्हणजे दोनशे पाच वर्षे, आमच्या गावाला हुकूम गोव्याहून येत आणि गोव्याला लिस्बनहून. त्या लिस्बनमध्ये वसईची काही खूण उरली आहे का, हे एकदा स्वतः जाऊन पाहावे, असे बरीच वर्षे मनात होते.

संधी मिळाली ती मुलीमुळे. ती नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये असते आणि आम्ही दोघे तिच्याकडे महिनाभरासाठी गेलो असताना मेच्या अखेरीस तिला चार दिवसांची रजा मिळाली. पॅरिस की लिस्बन, असे तिने विचारताच मी लिस्बन म्हणालो, आणि सौभाग्यवतींनी पॅरिसचा नाद तात्पुरता सोडला, हे त्यांचे माझ्यावर उपकारच आहेत.

लिस्बनचा विमानतळ शहराच्या जवळजवळ आतच असल्याने विमान घरांच्या कौलांवरून उतरते. मेट्रोच्या लाल मार्गाने आलामेदा आणि तेथून हिरव्या मार्गाने मार्तिम मोनिझ, असा तासाभराच्या आतला प्रवास करून आम्ही मोरारिया भागातील मुक्कामी पोहोचलो. जुन्या इमारतीत लिफ्ट नव्हती, खोली चौथ्या मजल्यावर होती आणि ही बाब घरमालकाने आरक्षणाच्या वेळी सांगितली नव्हती. सामान वर चढवताना मी त्याच्याविषयी जे बोललो, ते मराठीत असल्याने कोणाला कळले नाही.

मोरारिया म्हणजे मूर लोकांची वस्ती. ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो एन्रिकेस याने मुसलमान सत्तेकडून हे शहर जिंकले आणि मागे राहिलेल्या मुसलमानांना किल्ल्याच्या टेकडीमागच्या या उतारावर जागा दिली. आजही ही वस्ती बाहेरून आलेल्यांचीच आहे. दुकानांत बांगलादेशी, नेपाळी, गुजराती आणि चिनी मंडळी दिसतात, कोथिंबीर आणि हिरवी मिरची सहज मिळते. जवळच्या इंतेंदेंते चौकात, शहराचे महापौर असताना, आंतोनियो कोश्ता यांनी आपले कार्यालय हलवले होते. हे पुढे पंतप्रधान झाले आणि त्यांचे वडील, लेखक ओर्लांदो दा कोश्ता, मडगावच्या गोवेकर घराण्यातील होते. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या साध्या उपाहारगृहात काचेच्या कपाटात त्रिकोणी समोसे मांडलेले दिसले. त्यांना येथे ‘शामुसा’ म्हणतात आणि ते आता पोर्तुगीजांच्या रोजच्या न्याहारीचे झाले आहेत. आम्ही तिघांनी सहा खाल्ले. सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळला, तेव्हा कोठे रात्र झाल्यासारखे वाटले.

गुरुवार

सकाळी प्रासा दो कोमर्सियो या नदीकाठच्या विशाल चौकापासून सुरुवात केली. तीन बाजूंना पिवळ्या कमानींच्या इमारती, चौथ्या बाजूला टेगस नदीचे समुद्रासारखे पसरलेले पात्र आणि मधोमध घोड्यावर बसलेल्या दों जोझे राजाचा १७७५ मधील पुतळा. लिस्बनचे लोक या चौकाला अजूनही ‘तेरेरो दो पासो’, म्हणजे राजवाड्याचे आवार, असेच म्हणतात. राजवाडा मात्र अडीचशेहून अधिक वर्षे तेथे नाही. त्या राजवाड्याच्या आवारातच ‘काझा दा इंडिया’ हे खाते होते. पूर्वेकडे जाणारे प्रत्येक जहाज आणि तेथून येणारे मिऱ्यांचे प्रत्येक पोते त्याच्या वहीत नोंदले जाई. वसईची खूण शोधायची तर ती याच वह्यांमध्ये सर्वांत जास्त सापडली असती.

त्या वह्या १ नोव्हेंबर १७५५ रोजी गेल्या. सर्व संतांच्या सणाचा तो दिवस होता, सकाळी साडेनऊनंतरची वेळ होती, चर्चमध्ये गर्दी होती आणि वेदीपुढे मेणबत्त्या जळत होत्या. भूकंपाचे धक्के बसले, घरे कोसळली, जीव वाचवण्यासाठी लोक या मोकळ्या नदीकाठाकडे धावले आणि थोड्या वेळाने समुद्राच्या लाटा नदीतून वर चढून त्यांच्यावर आल्या. त्यानंतर पडलेल्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लागलेली आग कित्येक दिवस शहर जाळत राहिली. राजवाडा, सत्तर हजार ग्रंथांचे राजग्रंथालय आणि काझा दा इंडियाचे दप्तर हे सर्व त्यात संपले. वसई पोर्तुगीजांच्या हातून गेल्याला तेव्हा अवघी सोळा वर्षे झाली होती. म्हणजे आधी गाव गेले आणि पाठोपाठ त्या गावाची कागदपत्रेही गेली.

राजा त्या दिवशी शहराच्या पश्चिमेकडील बेलेमला असल्याने वाचला, पण दगडी छपराखाली झोपण्याची धास्ती त्याने आयुष्यभर घेतली आणि पुढची बावीस वर्षे तंबू व लाकडी खोल्यांच्या वाड्यात काढली. शहर उभे केले ते त्याच्या मंत्र्याने, पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्ध झालेल्या सेबास्तियाव दे कार्वाल्यो इ मेलो याने. चौकाच्या मागे पसरलेला बाइशा हा सपाट भाग त्याने आखून घेतला. सरळ रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात आणि त्यांची नावे धंद्यांवरून पडली आहेत: सोनारांचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा रस्ता, कापडवाल्यांचा रस्ता. आपल्याकडच्या पेठा आणि आळ्या आठवल्यावाचून राहत नाहीत, फक्त येथे आधी नाव ठरले आणि मग धंदा आला. घरांच्या भिंतींच्या आत लाकडी तुळयांचा, तिरप्या फुल्या असलेला सांगाडा बसवला. त्याला ‘गायोला’, म्हणजे पिंजरा, म्हणतात. धक्का बसला तर दगड निखळावा पण सांगाडा लवचीकपणे डुलावा, अशी कल्पना होती आणि नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून ती तपासून पाहिल्याचे सांगतात. याच मंत्र्याने गावोगावच्या पाद्र्यांना प्रश्न पाठवले होते: धक्का किती वेळ टिकला, समुद्र आधी चढला की ओसरला, किती घरे पडली. आपत्तीनंतर देवाचा कोप म्हणून छाती पिटण्याऐवजी प्रश्नावली पाठवणाऱ्या या माणसाविषयी मला त्या दिवशी आदर वाटला. दुसऱ्या दिवशी तो बराच कमी झाला, पण ते ओघाने येईल.

बाइशातील एका बँकेच्या तळघरात मार्गदर्शकासह विनामूल्य उतरता येते. तेथे या इमारतींना पाण्याखालच्या चिखलात आधार देणारे पाइनच्या लाकडाचे खुंट दिसतात आणि त्यांच्याही खाली रोमन काळातील मासे खारवण्याची टाकी आहेत. सौभाग्यवतींचे माहेर पाचूबंदरजवळचे असल्याने त्यांनी टाक्यांची खोली आणि आकार फार बारकाईने पाहिला आणि येथे मासळी उन्हात का वाळवत नव्हते, असा प्रश्न मार्गदर्शक मुलीला मुलीमार्फत विचारला. जवळच्या आर्सेनाल रस्त्यावरच्या दुकानांत खारवून वाळवलेल्या कॉड माशाचे, म्हणजे बकाल्याऊचे, फळीएवढे तुकडे रचलेले असतात. त्या दुकानाच्या दारात उभे राहिले की डोळे मिटून वसई कोळीवाड्यात गेल्यासारखे वाटते, हे मात्र आम्हा तिघांनाही मान्य झाले.

दुपारी टेकडीवरच्या कार्मो मठाकडे निघालो. खालून वर नेणारी सांता जुस्ता ही १९०२ मधील लोखंडी लिफ्ट शहराचे आकर्षण आहे, पण तिच्या तळाशी तासाभराची रांग होती. रांगेऐवजी आम्ही चढाचा रस्ता धरला. लिस्बनचे पदपथ पांढऱ्या आणि काळ्या दगडाच्या लहान चौकोनी तुकड्यांनी मढवलेले आहेत. ते दिसतात सुंदर आणि वर्षानुवर्षांच्या पावलांनी इतके गुळगुळीत झाले आहेत की उतारावर सौभाग्यवतींचा पाय सटकला आणि गुडघा खरचटला. हिरव्या क्रॉसची पाटी असलेल्या औषधाच्या दुकानातील बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवून जखम पुसून पट्टी लावली आणि पैसे फक्त पट्टीचे घेतले. ज्यांना या शहरात जायचे आहे त्यांनी रबरी तळव्याचे जुने बूट न्यावेत. नवे, चकचकीत तळव्याचे बूट येथे शत्रू ठरतात.

कार्मोचे चर्च १३८९ मध्ये नूनो आल्व्हारेस पेरेरा या सेनापतीने बांधायला घेतले. भूकंपात त्याचे छप्पर कोसळले. पुनर्बांधणी सुरू झाली, पण १८३४ मध्ये देशातील पुरुषांचे मठ बरखास्त झाले तेव्हा ती थांबली आणि नंतर ते तसेच ठेवायचे ठरले. दारातून आत गेलो आणि मी थबकलो. दोन्ही बाजूंनी खांब वर जातात, त्यांच्यावरून टोकदार कमानी एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे झेपावतात आणि कमानींच्या मध्ये काहीही नाही, निळे आकाश आहे. खाली हिरवळ, कडेला थडग्यांच्या शिळा. “बाबा, हे आपल्या किल्ल्यातलंच आहे की,” मुलगी म्हणाली. फरक एवढाच की येथे हिरवळ कापलेली आहे, शिळांना क्रमांक आहेत आणि तिकीट आहे. आमच्याकडे भिंतींतून वड-पिंपळ उगवले आहेत आणि शिळांवर प्रेमी युगुलांची नावे आहेत. आमच्याकडची छपरे भूकंपाने नव्हे, ओस पडल्याने गेली, पण पाहणाऱ्याच्या डोळ्यांना दोन्ही रिकामेपण सारखेच दिसते. तेथे मी दीड तास बसलो आणि घरच्यांनी मला बसू दिले.

बाहेरच्या लहान चौकात जॅकरंडाची झाडे फुलून जमिनीवर जांभळा सडा पडला होता. २५ एप्रिल १९७४ रोजी हुकूमशहा साल्झार याचा वारस मार्सेलो कायतानो याच चौकातील पलटणीच्या इमारतीत लपला होता आणि कॅप्टन साल्गेरो माइया याच्या चिलखती गाड्यांनी वेढा दिल्यावर संध्याकाळी त्याने सत्ता सोडली. बंदुकीच्या नळ्यांत लोकांनी कार्नेशनची फुले खोवली, म्हणून ती फुलांची क्रांती. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला तरी पोर्तुगालने ते मान्य केले नव्हते. त्या मान्यतेचा करार १९७४ च्या अखेरीस झाला, तो या चौकातल्या दुपारीमुळेच. आणि मठाच्या मागच्या बाजूने एक पूल थेट लिफ्टच्या वरच्या टोकाला जातो, तेथे रांग नव्हती.

परतताना रोसियो चौक लागला. आज जेथे राष्ट्रीय नाट्यगृह आहे तेथे पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायासनाचा, वाडा होता, आणि शेजारच्या साँ दोमिंगोस चर्चपुढे १५०६ च्या एप्रिलमध्ये झालेल्या ज्यूंच्या कत्तलीचे स्मारक आहे. गोव्यात ते न्यायासन १५६० मध्ये पोहोचले. साँ दोमिंगोसचे आतील खांब १९५९ च्या आगीत तडकले, सोलले गेले, आणि तसेच ठेवले आहेत. त्या चर्चमध्ये कोणी मोठ्याने बोलत नव्हते.

शुक्रवार

हा दिवस बेलेमचा. पंधरा क्रमांकाच्या ट्रामने नदीच्या काठाने पश्चिमेकडे जावे लागते आणि सकाळी साडेनऊलाही ट्राममध्ये विरार लोकलची आठवण यावी इतकी गर्दी होती. उतरल्यावर प्रथम दिसला तो उंच खांबावर उभा असलेला अफोन्सो दे अल्बुकर्क, १५१० मध्ये गोवा घेणारा. त्याच्या समोरच्या गुलाबी वाड्यात पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्ष बसतात.

जेरोनिमोस मठाची रांग एक तास दहा मिनिटांची होती. पूर्वेकडून येणाऱ्या मसाल्यांवरील करातून, विसाव्या हिश्शातून, राजा मानुएलने सोळाव्या शतकाच्या आरंभी हा मठ बांधायला घेतला आणि काम शतकभर चालले. म्हणजे या भिंती मलबारच्या मिऱ्यांनी बांधल्या, असे म्हटले तर ते अलंकारिक होणार नाही. फिकट सोनेरी चुनखडीच्या दगडात जहाजांचे दोर, गाठी, समुद्री शेवाळ आणि खगोलयंत्रे कोरली आहेत. खांब नारळीच्या झाडांसारखे वर जाऊन छतावर झावळ्या पसरतात. भूकंपात ही वास्तू बव्हंशी टिकली. आत शिरताच वास्को द गामाची समाधी आहे. तो १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी कोचीला मेला, तेथेच पुरला गेला, नंतर त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या आणि या चर्चमध्ये त्या एकोणिसाव्या शतकात आल्या. त्याच्यासमोर महाकवी कमोइश याची समाधी आहे, तोही काही वर्षे गोव्यात राहिलेला. लोक या दोघांची छायाचित्रे घेऊन क्लॉयस्टरकडे, म्हणजे मठातल्या कमानींच्या ओवऱ्यांकडे, वळतात. त्यांनी वेदीपर्यंत जावे, असे मी सुचवीन, कारण तेथे राजांच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवल्या आहेत.

त्यांतील एक मानुएलची आणि दुसरी त्याचा मुलगा तिसरा जुआंव याची. या जुआंवच्या कारकिर्दीतच, डिसेंबर १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाने करार करून वसई पोर्तुगीजांना दिली. लिस्बनमध्ये वसईचे नाव मला कोठेही कोरलेले दिसले नाही, पण ज्याच्या पदरात ती पडली तो मनुष्य येथे हत्तीवर निजला आहे. हत्ती चांगले घडवले आहेत. कारागिराने ते चित्रावरून नव्हे, डोळ्यांनी पाहिले असावेत, कारण त्या काळात लिस्बनच्या दरबारात हत्ती होते.

आणि एकदा गेंडाही होता. त्याची कथा मला फार आवडते. दीवला किल्ला बांधण्याची परवानगी अल्बुकर्कने गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा याच्याकडे मागितली. सुलतानाने परवानगी दिली नाही, समजूत म्हणून भेटी दिल्या आणि त्यांत एक जिवंत गेंडा होता. अल्बुकर्कला त्याचे काय करावे हे सुचेना, त्याने तो १५१५ च्या जानेवारीत राजाकडे धाडून दिला. २० मे १५१५ रोजी तो लिस्बनला उतरला तेव्हा रोमन काळानंतर प्रथमच युरोपने गेंडा पाहिला. पोर्तुगीज त्याला ‘गांदा’ म्हणत, म्हणजे आपल्याच ‘गेंडा’ या शब्दाने. राजाने ३ जूनला त्याची एका तरुण हत्तीशी झुंज लावली आणि हत्ती झुंजण्याआधीच पळाला. पुढे राजाने तो रोमला पोपकडे भेट म्हणून पाठवला. इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडाले आणि साखळीने बांधलेला तो प्राणी पोहू शकला नाही. जर्मनीत बसून, त्याला कधीही न पाहता, आल्ब्रेख्त ड्यूररने त्याचे जे चिलखत घातल्यासारखे चित्र काढले ते जगभर गेले.

नदीत उभ्या असलेल्या बेलेमच्या बुरुजाच्या एका कोपऱ्यातील टेहळणीच्या मनोऱ्याखाली त्याच गेंड्याचे दगडी डोके आहे. पाण्याने आणि वाऱ्याने ते इतके झिजले आहे की ठाऊक नसेल तर तो बोथट दगड वाटावा. आम्ही बाहेरूनच पाहिले. आत जाण्याची पुन्हा एक रांग लावण्याची ताकद गुडघ्यात नव्हती. मुलीला मी सांगितले की ज्या मुझफ्फरशहाने गेंडा दिला त्याचाच मुलगा हा वसई देणारा बहादूरशहा. ती म्हणाली, “बापाने गेंड्यावर भागवलं, मुलाला गाव द्यावं लागलं.” इतिहासाच्या पुस्तकात हे वाक्य मिळणार नाही.

दुपारी प्रसिद्ध पेस्ट्रीच्या दुकानात गेलो. १८३४ मध्ये मठ बंद झाले (कार्मोचे छप्पर घालायचे राहून गेले ते याच वर्षी), पोटापाण्यासाठी मठातील पाककृती बाहेर आली आणि १८३७ पासून हे दुकान ती करत आहे. पापुद्र्याच्या वाटीत अंड्याच्या बलकाचे गोड सार, वर थोडे करपलेले डाग आणि त्यावर आपण भुरभुरवायची दालचिनी. गोव्याच्या बेबिंकाला इतके बलक का लागतात, हे एक घास खाल्ल्यावर उमगते. दोन्हींचे घराणे एक आहे.

दुकानाच्या मागच्या बाजूला एक बोळ आहे, ‘बेको दो शांव साल्गादो’, म्हणजे खारवलेल्या जमिनीचा बोळ. तेथे पाच कडी कोरलेला एक दगडी खांब घरांच्या मध्ये दबून उभा आहे. १७५८ च्या सप्टेंबरमध्ये राजा दों जोझेवर गोळ्या झाडल्या गेल्या. मंत्र्याने अवेरोचा ड्यूक आणि ताव्होरा घराणे यांना दोषी ठरवले, १३ जानेवारी १७५९ रोजी बेलेममध्ये त्यांना हालहाल करून मारले, ड्यूकचा वाडा जमीनदोस्त केला, जमिनीत मीठ पेरले आणि येथे पुन्हा कधीही काही बांधू नये, असा लेख कोरून खांब उभारला. मारल्या गेलेल्यांतील ताव्होराचा मार्क्विस १७५० ते १७५४ या काळात गोव्याचा व्हाइसरॉय होता. त्याची पत्नी लेओनोर त्याच्याबरोबर गोव्याला आली होती आणि तिचा शिरच्छेद झाला. मुरार जगदेवाने पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवून पहार ठोकल्याची गोष्ट आम्ही लहानपणी ऐकली होती. मीठ आणि गाढवाचा नांगर, दोन्हींमागचा विचार एकच. पुण्याची जमीन पुन्हा नांगरली गेली आणि येथेही खांबाला खेटून घरे उभी आहेत. एका खिडकीत कपडे वाळत होते. प्रश्नावली पाठवणारा मंत्री तो हाच. रात्री मुक्कामाला आल्यावरही मला तो खांब आठवत होता.

नदीकाठचे शोधमोहिमांचे स्मारक आम्ही घाईत पाहिले. जहाजाच्या नाळेवर तेहतीस मूर्ती दाटीने उभ्या आहेत, पुढे राजपुत्र हेन्री. साल्झारच्या राजवटीने ते दगडात १९६० साली उभारले. म्हणजे गोवा जाण्याच्या फक्त एक वर्ष आधी इतका मोठा विजयस्तंभ! समोरच्या फरशीवरील जगाच्या नकाशात कालिकतजवळ १४९८ लिहिलेले आहे, तेथे एक शाळेची सहल उभी होती आणि मुले हिंदुस्थानवर लंगडी घालत होती.

शनिवार

सकाळी अल्फामाच्या माथ्यावरील साँ व्हिसेंते दे फोरा मठात गेलो. येथे दोन गोष्टींसाठी जावे. पहिली म्हणजे निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर रंगवलेल्या ला फोंतेनच्या अडतीस बोधकथा. ला फोंतेनने आपल्या उत्तरार्धातील कथांचे ऋण ‘पिल्पे’ या हिंदी ऋषीला दिले होते, म्हणजे पंचतंत्रातील मंडळी फारशीतून, फ्रेंचमधून फिरत अखेर लिस्बनच्या भिंतीवर येऊन बसली आहेत. दुसरी म्हणजे जुन्या भोजनगृहातील ब्रागांसा घराण्याचे समाधिस्थान. राजे, राण्या, १९०८ मध्ये राजवाड्याच्या चौकात गोळ्या घातलेला राजा कार्लुश आणि त्याचा युवराज असे सर्व येथे आहेत, आणि त्यांच्यामध्येच कॅथरिन दे ब्रागांसा आहे. १६६१ च्या विवाहकरारात हिच्या हुंड्यात मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मिळाली. गोव्याचा व्हाइसरॉय आढेवेढे घेत राहिला आणि प्रत्यक्ष ताबा १६६५ मध्ये गेला. विधवा झाल्यावर ती लिस्बनला परतली आणि १७०५ मध्ये येथेच वारली. मुंबई तिने कधी पाहिली नाही. विरारहून चर्चगेटपर्यंत पस्तीस वर्षे लोकलने गेलेल्या माणसाला त्या पेटीसमोर उभे राहून नेमके काय वाटावे, याचा मला निर्णय करता आला नाही. सौभाग्यवती मात्र पटकन म्हणाल्या, “अहो, मुलीच्या लग्नात एवढं द्यायचं असतं, हे आपल्या जावयाला सांगू नका.”

मठाच्या मागच्या उतारावर मंगळवारी आणि शनिवारी ‘फेरा दा लाद्रा’, म्हणजे शब्दशः चोरणीचा बाजार, भरतो. आपल्या चोर बाजाराची ही थोरली बहीण. जमिनीवर चादरी टाकून लोक फुटक्या टाइल्स, जुनी नाणी, लष्करी पदके, चमचे आणि दिवे मांडतात. एका म्हाताऱ्या विक्रेत्याकडे लोखंडी चाव्यांची टोपली होती. मी त्यातील वीतभर लांबीची एक उचलली आणि त्याने बोट दाखवून ‘शाव्’ असे म्हटले. पोर्तुगीज लिखाणात हा शब्द ‘च’नेच सुरू होतो आणि सोळाव्या शतकात त्याचा उच्चारही ‘च’ असाच होता. राजधानीने तो पुढे बदलला, आम्ही बदलला नाही. परात, घमेले, पगार, लिलाव, मेस्त्री, फीत हे शब्दही याच वाटेने आले आहेत, आणि आमच्या बोलण्यात ते इतके मुरले आहेत की येथे एखाद्या पाटीवर अचानक भेटेपर्यंत परके वाटत नाहीत. काझा दा इंडियाच्या वह्या जळाल्या तरी हा माल कोठेतरी नोंदला गेलाच होता. चावी आठ युरोंची होती, सौभाग्यवतींनी ती पाचला घेतली. ती कोणत्या कुलपाची, हे विक्रेत्यालाही माहीत नव्हते.

दुपारी टाइल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात तेवीस मीटर लांबीचे लिस्बनचे चित्र पाहिले. ते भूकंपाच्या सुमारे अर्धशतक आधीचे असल्याने त्यात नदीकाठचा राजवाडा उभा आहे, त्यापुढे गलबते नांगरलेली आहेत. रात्री गल्लीतल्या एका खाणावळीत फादू, म्हणजे पोर्तुगीजांचे करुण गाणे, ऐकले. दिवे मंद करून एक मध्यमवयीन बाई दोन गिटारांच्या साथीने गायल्या, आणि त्या गात असताना वाढणाऱ्यांनीही हातातील ताटे खाली ठेवली. जेवण बेताचे होते.

रविवार

सकाळच्या घंटा सात वाजण्याच्या आधीच सुरू झाल्या, आधी एका चर्चची, मग खालच्या, मग नदीकडच्या. वसई जिंकल्यावर मराठ्यांनी तेथील चर्चच्या घंटा हत्तींवरून नेल्याचे सांगतात. त्यांतील एक भीमाशंकरला आहे आणि एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात. चौथ्या मजल्याचा जिना उतरताना सामान यावेळी जड वाटले नाही.

विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावर आमची बॅग बाजूला काढली गेली. पडद्यावर वीतभर लांबीचे लोखंड दिसत होते. तरुण अधिकाऱ्याने ती उघडायला सांगितली, कपड्यांच्या घडीतून ती वस्तू बाहेर काढून उलटसुलट केली आणि काहीतरी विचारले. मुलगी इंग्रजीत समजावू लागली, तोच सौभाग्यवती पुढे होऊन त्याला म्हणाल्या, “चावी आहे, चावी.”

“शाव्,” तो म्हणाला, आणि त्याने ती पुन्हा घडीत ठेवली.